फोनला बोलका नोटिफिकेशन टोन लावताय? या चुका टाळा

मेसेज आला की फोनने नुसतं टुंग न करता काहीतरी मजेशीर बोलावं, ही हौस मला मनापासून आवडते. लिहिलेलं वाक्य आवाजात वाचून दाखवणाऱ्या टेक्स्ट-टू-स्पीचमुळे ती पाच मिनिटांत भागतेही. पण ‘टोन नीट वाजत नाही, जरा बघ ना’ म्हणत लोक फोन माझ्या हातात देतात, तेव्हा त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा सापडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लांबलचक वाक्य. एका मैत्रिणीने मोठ्या हौसेने टोन बनवला होता: ‘अहो, ऐकलंत का, एवढ्या कामातून वेळ काढून कोणीतरी तुमची आठवण काढलीय, जरा बघा तरी!’ एकटा ऐकला तर झकास. तिने तो व्हॉट्सअ‍ॅपला लावला आणि त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पाऊस सुरू झाला. अँड्रॉइडवर नवी सूचना आली की आधीचा आवाज मध्येच तुटतो आणि नवा पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळे फोन नुसता ‘अहो, ऐक... अहो, ऐकलं... अहो... अहो...’ करत राहिला. ‘आठवण काढलीय’पर्यंत तो एकदाही पोचला नाही. तिला वाटलं फाइल बिघडलीय, म्हणून तिने तीच फाइल तीनदा बनवली. फाइल ठणठणीत होती. वाक्यातली गंमत शेवटी जाऊन बसली होती, घोळ तिथे होता. आम्ही पुढचं सगळं उडवलं आणि नुसतं ‘आठवण काढलीय!’ एवढंच ठेवलं. आजही तिच्या फोनवर तेच वाजतं.

मी दोन सेकंदांच्या वर जातच नाही. पहिल्या शब्दात गंमत नसेल तर वाक्य बदलतो. रिंगटोनला लांबी चालते, नोटिफिकेशनला नाही.

दुसरी चूक मला जास्त खटकते: मराठी वाक्य हिंदी आवाजाकडून वदवून घेणं. लिपी एकच असल्यामुळे टूल तक्रार करत नाही, बिनदिक्कत वाचतं. मग ‘पत्र आलं’चं ‘आलम्’सारखं काहीतरी होतं, ‘बाळा’चा ‘बाला’ होतो आणि ‘चल’, ‘जा’ यांतले च आणि ज चहा-जीवनासारखे लागतात. मराठी कानाला ते पहिल्या अक्षरापासून परकं वाटतं आणि विनोद तिथेच मरतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच शोधा, भाषा मराठी निवडा आणि व्हॉइस डेटा उतरवून घ्या. गूगलच्या इंजिनात, म्हणजे वाक्य वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड आवाजांत आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत. हे करायला फार तर दहा मिनिटं लागतात, तरी नव्याने सुरुवात करणाऱ्यांना तेवढाही दम नसतो. पहिला जो आवाज दिसेल तो उचलतात आणि मग ‘मजा येत नाही’ म्हणतात.

मराठी आवाजही अडखळतो, म्हणून मी शुद्धलेखन बाजूला ठेवून कानाला हवं तसं लिहितो. स्वल्पविराम टाकला की बहुतेक इंजिनं थांबतात, म्हणून ‘अरे बघ की’ऐवजी ‘अरे, बघ, की!’ असं देऊन पाहतो. आकडे अक्षरांत लिहितो. एकाच वाक्याचे चार-पाच प्रकार काढून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने निवडतो.

फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी बऱ्याचदा शांतता राहते. ती ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कापा, पण अगदी अक्षराला खेटून नको. ‘बघ’मधल्या ‘घ’नंतरचा हलका श्वास कापला गेला की शब्द ‘बग’ ऐकू येतो. ब्लूटूथ इअरफोन वापरत असाल तर सुरुवातीची थोडी शांतता राहू द्या, कारण आवाज सुरू होताना पहिला तुकडा अनेकदा गिळला जातो. कापलेल्या जागी ‘टक्’ वाजत असेल तर अगदी छोटा फेड-इन द्या, म्हणजे आवाज शून्यापासून हळूहळू चढू द्या.

आवाज हेडफोनवर तपासू नका. फोनच्या इवल्याशा स्पीकरला खर्ज झेपत नाही, त्यामुळे हेडफोनवर भारदस्त वाटलेला जाड आवाज फोनमधून पुटपुटल्यासारखा येतो. मी फोन शेजारच्या खोलीत ठेवतो आणि कुणाला तरी मेसेज पाठवायला सांगतो. दाराआडून शब्द कळला तरच तो टोन पास.

फाइल डाउनलोड्समध्ये सोडू नका. साफसफाईत ती उडते आणि फोन गुपचूप जुन्या टोनवर जातो. फोनच्या स्टोरेजमधल्या नोटिफिकेशन्स फोल्डरमध्ये ठेवा.

आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅपला बाहेरची फाइल लावता येत नाही, अ‍ॅपने दिलेल्या आवाजांतूनच निवडावं लागतं. त्यासाठी रात्र घालवू नका. साध्या मेसेजसाठी मात्र गॅरेजबँड या अ‍ॅपलच्या संगीत अ‍ॅपमधून टोन करता येतो.

ओळखीच्या माणसाच्या आवाजाची नक्कल टूलकडून करून घ्यायची असेल तर आधी त्याला विचारा. विचारायला संकोच वाटत असेल तर तो टोन करूच नका.

आणि सगळ्या अ‍ॅपना एकच टोन लावू नका. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८पासून एकाच अ‍ॅपमधल्या वेगवेगळ्या सूचनांनाही वेगळा आवाज देता येतो. अ‍ॅपच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये एकेका प्रकारावर टॅप करून बघा. बँकेच्या आणि कामाच्या सूचना मी साध्या टुंगवरच ठेवल्यात. बोलका टोन फक्त घरच्यांसाठी आणि दोन-तीन जवळच्या मित्रांसाठी.