शिशाच्या पिशवीचा दोरा

मालवणला डायव्हिंगसाठी लागणाऱ्या वजनाच्या पिशव्या (पाण्यात खाली जायला शिसं भरून अंगावर बांधतात त्या) मी घरीच शिवल्या, त्याही डब्यातल्या सुती दोऱ्याने. एका मोसमात टाके कुजले आणि २ किलो शिसं तळाला गेलं. मग नायलॉन आणला. ताकद भरपूर, पण भिजला की ताणतो आणि उन्हाने हळूहळू कमकुवत होतो. (सावलीत वाळवायचं कोणाच्या लक्षात राहतं!) शेवटी बॅगा शिवणाऱ्याकडून बॉन्डेड पॉलिएस्टर (धागे सुटू नयेत म्हणून लेप दिलेला दोरा) घेतला, टेक्स ७० जाडीचा. घरच्याच मशीनला १८ नंबरची सुई लावली, टाका ४ मिमीचा ठेवला. पट्ट्याच्या जोडावर टाक्यांचा चौकोन आणि आत फुली. बॉबिनमध्येही तोच दोरा हवा. मी आधी तिथे साधाच भरला होता. जाड पट्ट्यावर मात्र चाक अजून हातानेच फिरवतो.