ट्रॉलीच्या लायटी जोडताना आधी अर्थिंग बघा

उसाचा सीझन आला की ट्रॉलीच्या लायटींची आठवण होते. ट्रॅक्टरच्या मागच्या 7 पिनच्या सॉकेटला वायरी जोडताना रंगावर जाऊ नका, आधीच्या वायरमनने हाताला येईल ती वायर घातलेली असते, पिनेजवळ बारीक नंबर कोरलेले असतात ते बघा. 1 डावा इंडिकेटर, 4 उजवा, 3 अर्थिंग (म्हणजे करंट बॅटरीकडं परत जायची वायर), 5 उजवी टेल लाईट आणि 7 डावी, 6 ब्रेक. 2 नंबर फॉग लाईटचा, आपल्याकडे बहुतेक रिकामाच. तरी टेस्ट लॅम्प लावून एकेक चेक कराच.

खरा घोळ अर्थिंगचा. बरेच जण 3 नंबरची वायर टाकतच नाहीत, हुकातनं अर्थ मिळतो म्हणतात, पण तिथं ग्रीस आणि गंज, अर्थ नीट मिळत नाही, मग इंडिकेटर दिला की टेल लाईटपण लुकलुकायला लागते आणि लोक उगाच बल्ब बदलत बसतात. जाड वायर घ्या, ट्रॉलीच्या चासीला रंग खरवडून नटबोल्टनं आवळा. हुकाजवळ वायर थोडी ढिली ठेवा, नाहीतर वळताना तुटते. आणि लायटी चालू असल्या तरी मागं रिफ्लेक्टर पट्टी पाहिजेच, रात्री रस्त्यात बंद पडली तर तीच दिसते.