थरथर गेली कुठे? व्हिडिओ इन्स्टॉलेशनमधल्या या चुका टाळा

भिंतीला पाठ लावून हवेतल्या खुर्चीवर बसलेला पैलवान. दमणाऱ्या शरीरावर व्हिडिओ इन्स्टॉलेशन, म्हणजे खोलीत टीव्ही किंवा प्रोजेक्टर मांडून दाखवायची कलाकृती करायची, तर त्याच्या मांडीची थरथर हाच विषय. आणि कॅमेऱ्यापासून टीव्हीपर्यंत सगळी यंत्रं नेमकी तीच पुसायला टपलेली असतात.

ताणलेला स्नायू सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा थरथरतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं, की एका थरथरीच्या वाट्याला दोन-तीन फ्रेम येतात, त्याही पुसट. ५० फ्रेम, १/१०० शटर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून तालमीतल्या उजेडाशीही हे शटर जमतं. तिथेच १२० फ्रेमचं स्लो मोशन केलंत, तर पडद्यावर लुकलुक दिसणारच. हट्टच असेल तर उन्हात शूट करा. हळू केलं की काम गंभीर होतं, हा नवशिक्यांचा आवडता समज आहे. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्राचं हलणं आपोआप दाबणारी सोय, बंद करा. एडिटमध्ये तेच काम करणारा वॉर्प स्टॅबिलायझर इफेक्ट लावणाऱ्यांनी सरळ विषय बदलावा.

टीव्हीवर मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं) आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसणारं) बंद. प्लेअरचं आउटपुट ६० नव्हे, ५० हर्ट्झ.

आता पेनड्राइव्हचा शॉर्टकट. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात छाती, मांडी आणि चेहरा तीन टीव्हींवर लावले होते. तिन्हींत वेगळा पेनड्राइव्ह, तीन माणसांच्या हाती तीन रिमोट, ‘एक, दोन, तीन’ म्हणून प्ले. फाइल संपून पुन्हा सुरू व्हायला प्रत्येक टीव्ही थोडा वेगळा वेळ घेतो. संध्याकाळपर्यंत मांडी कोसळलेली आणि चेहरा निवांत! लोकांना वाटलं, तीच कल्पना असेल. कलाकारही गप्प राहिला.

एकच कॉम्प्युटर, तीन आउटपुट, तिन्ही चित्रं शेजारी जोडलेली ५७६०×१०८० ची एकच फाइल, एवढं करा. एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये ४०९६ पिक्सेलपेक्षा रुंद फाइल बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना झेपत नाही, म्हणून त्याच्या पुढचा एचईव्हीसी (एच.२६५) घ्या. लूपवर विसंबू नका. टाइमलाइनवरच तुकडा पुन्हा पुन्हा जोडून दिवसभराची फाइल काढा. ३० एमबीपीएसने (सेकंदाला ३० मेगाबिट) तासाला १३.५ जीबी लागतात. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी, फॅट३२ वर ४ जीबीपुढची फाइल बसत नाही.

प्रोजेक्टर लावणार असाल तर आधी टेप घेऊन खोली मोजा. थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल, तर ३ मीटर रुंद चित्राला ४.५ मीटर अंतर लागतं आणि वाड्याच्या दोन खणांत ते मिळेलच असं नाही. तिरका ठेवून कीस्टोनने (वाकडं चित्र चौकोनी करणाऱ्या सेटिंगने) ओढाल, तर तपशील जातो. एप्रिल-मेमध्ये हवेच्या जाळीभोवती ३० सेंटिमीटर मोकळं सोडा, नाहीतर भर दुपारी बंद पडेल.

श्वासासाठी कॉलर माइक नको, घामात घासतो. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, वरून धरा.

कॅमेरा २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबणारा जुना मॉडेल नाही ना, हे शूटिंगआधी तपासा. पैलवानाला लगेच ‘परत एकदा’ म्हणू नका; दमलेल्या मांड्यांना दोन दिवस तरी सुट्टी द्या आणि थांबायची खूण त्याच्याच हाती ठेवा.