ऑफिसचं नेट बदलताय? आधी स्लो नक्की काय आहे ते शोधा

प्लॅन बघायला बसायच्या आधी एक काम करा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, लॅन केबल थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट मारा, मग तोच लॅपटॉप रोजच्या टेबलावर नेऊन वायफायवर टेस्ट मारा. हे सकाळी एकदा, सगळे कामाला लागले की भर दुपारी एकदा आणि ऑफिस रिकामं झाल्यावर एकदा, असं दोन-तीन दिवस करा आणि आकडे कुठेतरी लिहून ठेवा. कंटाळवाणं आहे, माहितीये, पण कित्येकांचा प्रश्न इथेच सुटतो आणि पैसे वाचतात.

केबलवर प्लॅनएवढा स्पीड मिळतोय आणि वायफायवर निम्माही नाही, तर कंपनी बदलून काडीचा फरक पडणार नाही. राउटर कोपऱ्यात लोखंडी कपाटाच्या मागे असेल तर तो बाहेर काढा, जमेल तितकी मशीन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवरून ५ वर न्या (२.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूची सगळी ऑफिसं त्याच तिघांवर बसलेली असतात), आणि जी मशीन जागची हलत नाहीत, म्हणजे डेस्कटॉप, प्रिंटर, सर्व्हर, ती सरळ केबलवर टाका.

मी स्वतः हा गाढवपणा केलाय म्हणून सांगतो. १०० एमबीपीएसचा प्लॅन होता, ३०० चा घेतला, केबल लावून टेस्ट मारली तर आकडा ९४. आठवडाभर कस्टमर केअरशी भांडलो, समोरचा बिचारा सांगतोय की आमच्याकडून ३०० बरोबर येतंय आणि मी ऐकायलाच तयार नाही. शेवटी सापडलं काय तर टेबलाखाली धूळ खात पडलेला एक जुना स्विच (एका केबलच्या अनेक करणारा डबा), ज्याचे पोर्टच १०० एमबीपीएसचे, आणि माझी केबल त्याच्यातून फिरून येत होती. तेव्हापासून आकडा ९४-९५ ला अडकला की मी आधी पोर्ट आणि केबल तपासतो. गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) केबलमधल्या आठही तारा लागतात, एखादी जरी तुटलेली असली तरी लिंक बऱ्याचदा गुपचूप १०० वर येते आणि कोणी सांगायला येत नाही.

बरं, ऑफिसच्या आतलं सगळं ठीक आहे आणि तरी स्लो आहे, मग नवीन कनेक्शनचा विचार करा. एक साधी गोष्ट अजून लोकांना गंडवते, ती म्हणजे प्लॅनवर लिहिलेले एमबीपीएस हे मेगाबिट असतात आणि फाइलचा साइज मेगाबाइटमध्ये असतो. ८ ने भागा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण साडेबारा एमबी.

आता खरा मुद्दा, अपलोड. जाहिरातीत जो मोठा आकडा असतो तो डाउनलोडचा असतो, अपलोड कुठेतरी खाली बारीक अक्षरात. घरी सिनेमे बघायला ते चालतं, पण धंद्यात माल बाहेर जातो हो. व्हिडिओ कॉल, क्लायंटला फाइली पाठवणं, क्लाउड बॅकअप, बाहेरून कॅमेरे बघणं, घरून काम करणाऱ्यांनी ऑफिसच्या सर्व्हरवरून फाइल ओढणं, हे सगळं तुमच्या ऑफिसच्या बाजूने अपलोडच आहे. हिशोब करून बघा, ५० जीबीचा बॅकअप १० एमबीपीएस अपलोडवर चढवायला ११ तास लागतात, म्हणजे रात्री लावला तरी सकाळी लोक येतात तेव्हा चालूच. तोच १०० अपलोडवर तासाभरात उरकतो. म्हणून मी तर म्हणेन की डाउनलोड ५०० आणि अपलोड २० असल्या प्लॅनपेक्षा दोन्हीकडून १०० वाला बहुतेक ऑफिसांना जास्त कामाचा.

किती लागेल याचा अंदाज माणसं मोजून नाही, एकाच वेळी काय चालतं त्यावरून काढा. एका चांगल्या क्वालिटीच्या व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी ३-४ एमबीपीएस धरा, नेटवरच्या साध्या फोन कॉलला ०.१ पुष्कळ झालं. दहा जण एकदम कॉलवर बसत असतील तर तिथेच ४० अपलोड गेला, वर बॅकअप आणि कॅमेरे, आणि त्यावर थोडी मोकळी जागा. एवढं केलं की लक्षात येतं, छोट्या ऑफिसला १ जीबीपीएसची गरज क्वचितच असते, सेल्सवाला काहीही म्हणो.

कधीकधी स्पीड भरपूर असतो आणि तरी कॉल तुटतात. तिथे पिंग बघा, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ. रिकाम्या लाइनवर पिंग २० मिलीसेकंद आणि कोणी मोठी फाइल चढवायला घेतली की ४००, असं होत असेल तर राउटरमध्ये डेटाची रांग तुंबतेय. याला राउटरमधलं क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाचं सेटिंग चालू करून लिमिट खऱ्या स्पीडच्या जरा खाली ठेवलं की बराच आराम पडतो, नवा प्लॅन लागतही नाही.

लाइन कुठली घ्यायची, तर फायबर तुमच्या दारापर्यंत येत असेल तर फायबर, यात फार डोकं लावू नका. फक्त "फायबर" म्हणजे शेवटपर्यंत फायबर आहे का, की बाहेरच्या डब्यापर्यंत फायबर आणि आत जुनी तांब्याची वायर, हे विचारा. तांब्याच्या डीएसएलमध्ये, म्हणजे फोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटमध्ये, टेलिफोन एक्सचेंजपासून किंवा त्या डब्यापासून जितके लांब तितका स्पीड कमी. फायबर नसेल तर ४जी-५जी किंवा छतावर डिश लावून दिलेलं वायरलेस चालतं, पण गर्दीच्या वेळेची टेस्ट करूनच घ्या. सॅटेलाइटमध्ये दोन जाती आहेत. जुने सॅटेलाइट जवळपास ३६ हजार किलोमीटरवर, सिग्नल जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाच्या वर जातो आणि कॉलवर दोघं एकमेकांच्या अंगावर बोलतात. स्टारलिंकसारखे नवे साधारण ५५० किलोमीटरवर असतात, त्यावर कॉल नीट होतात.

मग प्रश्न येतो की साधं ब्रॉडबँड की लीज्ड लाइन. फायबर ब्रॉडबँडसुद्धा शेअर केलेलं असतं, नेहमीच्या जीपॉन सिस्टिममध्ये एका फायबरवर ३२ किंवा ६४ कनेक्शन असतात आणि सगळ्यांत मिळून २.५ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२५ अपलोड. बहुतेक वेळा जाणवत नाही कारण सगळे एकदम ओढत नाहीत. लीज्ड लाइनमध्ये ठरलेला स्पीड फक्त तुमचा, दोन्ही बाजूंनी सारखा, आणि महाग. पण महाग असण्याचं खरं कारण एसएलए, म्हणजे बंद पडली तर किती तासात दुरुस्त करणार हे लेखी. लाइन ९९.९ टक्के वेळ चालू राहील हे ऐकायला भारी वाटतं, पण वर्षाचे पावणेनऊ तास लाइन बंद राहिली तरी ते आकड्यात बसतं! ९९.९९ म्हणजे ५३ मिनिटं. आणि मोडलं तर भरपाई काय, तर बऱ्याचदा बिलात थोडी सूट, तुमचं बुडालेलं काम नाही.

त्यामुळे नेट बंद म्हणजे धंदा बंद अशी परिस्थिती असेल तर एका महागड्या लाइनपेक्षा दोन साध्या लाइनी बऱ्या. ड्युअल वॅन राउटर, म्हणजे दोन लाइनी जोडता येणारा, घ्या, एक गेली की आपोआप दुसरी. मात्र दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या असून एकाच खांबावरून किंवा एकाच पाइपातून येत असतील तर रस्ता खोदणारा दोन्ही एकदम तोडतो, म्हणून दुसरी सिमवरची ठेवलेली बरी. राउटर आणि ऑफिसमध्ये बसवलेला फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर टाका, लोक नुसता राउटर टाकतात आणि मग लाइट गेली की नेट का गेलं म्हणून डोकं खाजवतात.

सही करायच्या आधी लेखी विचारा: अपलोड किती, डेटाची लिमिट संपल्यावर स्पीड किती उरतो, करार किती महिन्यांचा आणि मधेच सोडला तर दंड काय, पब्लिक स्टॅटिक आयपी (बाहेरून दिसणारा, न बदलणारा नेटवरचा पत्ता) मिळतो का. शेवटचं विसरू नका. राउटरमध्ये बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेकांत वाटलाय, मग बाहेरून थेट कॅमेरे किंवा ऑफिसचा व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित रस्ता) जोडता येत नाही. आणि शेजारच्या ऑफिसात डोकवा, तीच कंपनी असेल तर दुपारी तीन वाजता त्यांच्याकडे टेस्ट मारू द्या म्हणा, कुठल्याही ब्रोशरपेक्षा ते खरं.

नवीन लाइन आली म्हणून जुनी लगेच तोडू नका, महिनाभर दोन्ही चालू ठेवा. आयपी बदलणार आहे, तेव्हा तो जिथे जिथे टाकलाय, व्हीपीएन, कॅमेरे, सर्व्हरची फायरवॉल, त्याची यादी आधीच काढा आणि बदल सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करा, सोमवारी सकाळी नको.