डॉसचा जुना गेम आजच्या कंप्युटरसाठी पुन्हा विक्रीला आणताना

डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कंप्युटर चालवणारी प्रणाली. तिच्यावरचा गेम पुन्हा विकायचा तर कामाला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि त्या गेममध्ये कोणाकोणाचं काय आहे ते लिहून काढा. प्रोग्रॅम कोणी लिहिला, तेव्हा तो नोकरीत होता की स्वतंत्र, संगीत कोणाचं, आवाज कोणाचे, खोक्यावरचं चित्र कोणी काढलं, नावाचा ट्रेडमार्क कोणाकडे आहे. गेम एखाद्या सिनेमावरून किंवा खेळाडूच्या नावाने काढलेला असेल तर ती परवानगी किती वर्षांची होती तेही बघा. प्रत्येक नावासमोर लेखी करार हवा. हमखास विसरली जाते ती आत वापरलेली उसनी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड. ‘डूम’ या गेमचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) 1997च्या डिसेंबरात खुला झाला तेव्हा त्यात डॉसवरचा आवाजाचा भाग नव्हता, कारण आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती.

‘अबँडनवेअर’, म्हणजे मालकाने सोडून दिलेलं सॉफ्टवेअर, या शब्दाला कायद्यात काही अर्थ नाही. कंपनी बुडाली तरी तिचे हक्क कोणाकडे ना कोणाकडे जातातच. करार भारतात होणार असेल तर कॉपीराइट कायदा, 1957मधलं कलम 19 आधी वाचा. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर 5 वर्षांचंच धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. ऑनलाइन दुकानातून गेम जगभर जातो, तेव्हा या दोन ओळी करारात स्पष्ट असल्याच पाहिजेत.

मूळ प्रत मिळवणं

सोर्स कोड मिळाला तर सोन्याहून पिवळं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमचा ॲपल टू या जुन्या कंप्युटरवरचा कोड त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांना 2012मध्ये जुन्या फ्लॉप्यांवरून परत मिळाला. एरवी हातात येते ती विकत घेतलेली प्रत, आणि तीच जपून वाचावी लागते.

जुनी फ्लॉपी सरळ ड्राइव्हमध्ये घालू नका. आधी तिची धातूची झडप सरकवून मधल्या चकतीला हात न लावता, फक्त आसाने ती हळूहळू फिरवा आणि दिव्याखाली पृष्ठभाग पाहा. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या फ्लॉप्यांवर ती धरतेच. अशी फ्लॉपी फिरली की ड्राइव्हचं हेड बुरशी घासत नेतं, चुंबकीय थर खरवडला जातो आणि तेच घाणेरडं हेड पुढची चांगली फ्लॉपीही बिघडवतं. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड वापरून पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच वाचा. राइट-प्रोटेक्टचं छिद्र उघडं ठेवा, कारण काही गेम हाय-स्कोअर मूळ फ्लॉपीवरच लिहितात.

वाचायला ग्रीझविझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं उपकरण वापरा. ते चुंबकीय सिग्नल जसाच्या तसा टिपतं, त्यामुळे कॉपी-प्रोटेक्शनसाठी मुद्दाम बिघडवलेले सेक्टरही (डिस्कवरचे छोटे कप्पे) हाती राहतात. 1.44 एमबीच्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या डेटाची एका फाइलमधली नक्कल, बरोबर 14,74,560 बाइट्सची भरली पाहिजे. पण आकार जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका. न वाचलेल्या सेक्टरच्या जागी शून्यं भरली तरी आकार तोच येतो. दोन वेगळ्या प्रती वाचून त्यांचे चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवणं हाच खरा पुरावा.

सीडीची आयएसओ फाइल (सीडीच्या नकलेचा एक प्रकार) करण्याची चूक फार होते. त्या काळी पहिल्या ट्रॅकवर गेम आणि पुढच्या ट्रॅकांवर साधी ऑडिओ सीडीसारखी गाणी असत. आयएसओमध्ये फक्त पहिला ट्रॅक येतो. गेम नीट चालतो, फक्त संगीत नसतं, आणि ज्याने मूळ गेम खेळलेला नाही त्याला काही हरवलंय हे कळतही नाही. म्हणून बिन आणि क्यू फाइलची जोडी करा: बिनमध्ये डेटा असतो, क्यूमध्ये ट्रॅकांची यादी. आकार कमी हवा असेल तर गाण्यांचे ट्रॅक ऑग किंवा फ्लॅक या आवाजाच्या दाबलेल्या फाइलींत बदलून क्यू फाइलमध्ये त्यांची नावं द्या.

चालवायचं कशावर

पॉइंट-अँड-क्लिक साहसी गेम असेल तर आधी स्कमव्हीएम या प्रोग्रॅममध्ये त्याला आधार आहे का ते बघा. तिथे गेमचं इंजिनच नव्याने लिहिलेलं असतं, त्यामुळे वेगाची निम्मी डोकेदुखी जाते. बाकी बहुतेक डॉस गेमांसाठी डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या कंप्युटरवर जुन्या डॉस कंप्युटरचं सोंग घेणारा प्रोग्रॅम, किंवा त्यातून निघालेलं डॉसबॉक्स स्टेजिंग. हे सगळं जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. विकायला हरकत नाही, पण परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो आणि तुम्ही दिलेल्या नेमक्या आवृत्तीचा, तुमच्या बदलांसकट, सोर्स कोड उपलब्ध करावा लागतो. डॉसबॉक्स हा वेगळा प्रोग्रॅम म्हणून सोबत ठेवला तर गेमच्या डेटावर ही अट येत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट राबून हे घडवलं त्यांची नावं श्रेयनामावलीत घालणं ही तर साधी माणुसकी झाली.

वेग

गेम ‘चालतो’ आणि ‘तसाच चालतो’ यातलं अंतर इथे दिसतं. डॉसबॉक्समध्ये ‘सायकल्स’ नावाची सेटिंग असते; सोंगातला प्रोसेसर किती वेगवान ते तिच्यावर ठरतं. ती ‘मॅक्स’वर सोडली की काही गेम भन्नाट पळतात, काही सुरूच होत नाहीत. टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंग साधनात लिहिलेले काही गेम ‘रनटाइम एरर 200’ दाखवून बंद पडतात. त्याचं कारण मजेशीर आहे. प्रोग्रॅम सुरू होताना घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे 55 मिलिसेकंदांत, रिकामं लूप किती वेळा फिरतं ते मोजतो आणि त्या आकड्याला 55ने भागतो. प्रोसेसर फार वेगवान असला की उत्तर 16 बिटांत मावत नाही, आणि पडद्यावर शून्याने भागल्याची तक्रार येते.

म्हणून सायकल्सचा आकडा पक्का ठरवून द्या. 386 प्रोसेसरच्या काळातल्या गेमला 6,000च्या आसपास, नंतरच्या 486 डीएक्स-2 प्रोसेसरला साजेशा गेमला 25,000च्या आसपास सुरुवात करा, मग कंट्रोल-एफ12ने वाढवत आणि कंट्रोल-एफ11ने कमी करत जा. अंदाजाने नव्हे, घड्याळ लावून. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त राजकन्येला सोडवायला 60 मिनिटं असतात आणि स्पेसबार दाबला की उरलेला वेळ दिसतो. फोनवर स्टॉपवॉच लावा. गेममधली 10 मिनिटं खऱ्या 10 मिनिटांत संपली नाहीत तर सायकल्स कमी पडत आहेत. ही चाचणी सगळ्यात गर्दीच्या प्रसंगात घ्या, मेनूवर नाही.

चित्र

त्या काळचे बहुतेक गेम 320 बाय 200 पिक्सेलचे, पण पडदा 4:3चा. म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा 1.2 पट उंच दिसायचा, आणि चित्रकाराने तो हिशोब धरूनच चित्र काढलेलं असतं. डॉसबॉक्समधली ‘ॲस्पेक्ट’ सेटिंग सुरू केली नाही तर माणसं बुटकी आणि चंद्र लंबगोल दिसतो. आडवे 5 पट आणि उभे 6 पट केले की 1600 बाय 1200 येतं, तिथे सगळे पिक्सेल सारखे पडतात. 1080च्या मॉनिटरवर 1440 बाय 1080 ठेवा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. पडदा भरण्यासाठी चित्र ताणण्याचा पर्याय मूळ सेटिंग म्हणून कधीच देऊ नका.

320 बाय 200चा हा मोड सेकंदाला 70 वेळा चित्र उजळायचा. 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर दर सेकंदाला 10 चित्रं गळतात, म्हणून सरकणाऱ्या पार्श्वभूमीला हलका झटका जाणवतो. तो घालवायला गेमच मंद करू नका. संगीत आणि शत्रूंची चाल, दोन्ही बिघडतात.

आवाज

गेमसोबतचा सेटअप प्रोग्रॅम तुम्हीच चालवा: साउंड ब्लास्टर (त्या काळचं आवाजाचं कार्ड), पत्ता 220, आयआरक्यू 7, डीएमए 1 (गेमला ते कार्ड कुठे सापडेल ते सांगणारे आकडे). हेच आकडे डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्येही असले पाहिजेत. आयआरक्यू जुळला नाही तर पहिला आवाज वाजतो आणि पुढे शांतता, किंवा गेम तिथेच गोठतो. रोलँड एमटी-32 या संगीतयंत्रासाठी लिहिलेलं संगीत ऐकवायचा मोह होईल, पण त्या यंत्राच्या रॉम फाइल (यंत्रातला कायमचा डेटा) रोलँडच्या मालकीच्या आहेत, त्या सोबत देता येत नाहीत. संगीत जनरल मिडी या प्रमाणित पद्धतीचं असेल तर मुक्त परवान्याचा साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांचा संच) द्या, नाहीतर ॲडलिब या जुन्या कार्डाचा आवाज ठेवा.

कॉपी-प्रोटेक्शन आणि सेव्ह

मॅन्युअलमधला शब्द विचारणारे गेम खूप आहेत. ‘प्रिन्स’च्या डॉस आवृत्तीत पहिली लेव्हल संपल्यावर अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांमधून मॅन्युअलप्रमाणे योग्य ती प्यावी लागते. हक्कदाराची परवानगी घेऊन ही तपासणी काढा, आणि तसं करता आलं नाही तर पूर्ण मॅन्युअल स्कॅन करून द्या. 300 डीपीआय पुरतं. कडेचा मजकूर कापू नका, उत्तर बहुधा तिथेच असतं.

डॉस गेम सेव्ह फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितो. विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही, आणि सेव्ह गुपचूप गायब होतात. डॉसबॉक्स स्टेजिंगमध्ये गेमचं फोल्डर ‘ओव्हरले’ पद्धतीने माउंट केलं (ड्राइव्ह म्हणून जोडलं) की मूळ फाइल जशाच्या तशा राहतात आणि सेव्ह वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये जातात.

इथेच मराठी घरात हमखास लागणारी ठेच आहे. विंडोजवर खात्याचं नाव देवनागरीत असेल तर फोल्डरच्या पत्त्यातही देवनागरी येते. जुन्या प्रोग्रॅमांना विंडोज जे कोडपेज (अक्षरांना आकडे देणारी जुनी सारणी) देतं त्यात देवनागरी नाही, त्यामुळे जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमला तिथे नुसती प्रश्नचिन्हं दिसतात आणि फोल्डर सापडत नाही. चाचणीसाठी ‘प्रसाद’ अशा नावाचं एक खातं करूनच ठेवा.

शेवटची फेरी अशा कंप्युटरवर घ्या ज्यावर याआधी डॉसबॉक्स कधीच नव्हतं. नाहीतर जुनी सेटिंग फाइल उचलली जाते आणि चूक झाकली जाते. इन्स्टॉल करा, सेव्ह करा, कंप्युटर बंद करून पुन्हा लावा, सेव्ह उघडा. गेम शेवटच्या लेव्हलपर्यंत खेळून बघा, कारण डिस्कवरचा एखादा खराब सेक्टर नेमका शेवटच्या लेव्हलच्या फाइलमध्ये असू शकतो. मग अनइन्स्टॉल करा आणि सेव्ह फाइल विचारल्याशिवाय पुसल्या जात नाहीत ना, ते तपासा.