पौर्णिमेला खाडीवर चिखलच मिळतो : प्री-वेडिंगची जागा निवडताना या चुका टाळा

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. साखरपुड्याच्या फोटोंसाठी डोंबिवलीच्या एका जोडप्याने मुद्दाम पौर्णिमा धरली होती. वाशीची खाडी, भरलेलं पाणी, वर पूर्ण चंद्र, असा सगळा बेत. फोटोग्राफर मी, आणि ठिकाणही मीच सुचवलेलं. साडेपाचला पोचलो तेव्हा पाणी कुठे दिसेना. शंभर-दोनशे मीटरपर्यंत करडा चिखल, त्यात अडकलेल्या पिशव्या, आणि तो वास. मुलीचा पांढरा गाऊन भाड्याचा होता. ती गाडीतून उतरलीच नाही.

बाजूला एक कोळी काका जाळं आवरत होते. मी विचारलं, "काका, पाणी कधी येणार?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझीच कीव यावी. "आज पुनव ना? दुपारी येऊन गेलं की पाणी. आता रात्री बाराला ये."

चंद्राचंही तेच. पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला उगवतो, आणि वाशीहून खाडी आहे पश्चिमेला. तो उगवला आमच्या पाठीमागे, एका सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर. तो फोटो मी अजून जपून ठेवलाय, स्वतःला आठवण म्हणून.

तेव्हापासून जागा ठरवण्याआधी मी दोन गोष्टी बघतो. खाडीचं ठिकाण असेल तर तिथी, आणि कुठलंही ठिकाण असलं तरी सूर्याच्या वाटेत डोंगर येतो का. इंटरनेटवर जो सुंदर फोटो पाहून तुम्ही जागा पसंत करता, तो एका ठरावीक महिन्यातला, एका ठरावीक तासाचा असतो. त्या तासाला तिथे पोचला नाहीत तर तुम्हाला दुसरीच जागा मिळते.

भरतीचा हिशोब न करणं

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती अकरा-बाराला आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचं. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, तिचाच हा तोंडी हिशोब. खाडीच्या आतल्या टोकाला, ठाण्याकडे, पाणी आणखी थोडं उशिरा पोचतं. अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते, पण तारीख ठरवताना घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

म्हणजे हिवाळ्यात सूर्यास्ताला भरलेली खाडी हवी असेल तर सप्तमी ते नवमी धरा. यातही एक मेख आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी पौर्णिमेच्या उधाणाइतकं चढत नाही. काठापर्यंत लाटा येतील अशी अपेक्षा ठेवू नका. चिखल झाकला जातो आणि पाण्यावर सोनेरी रंग पसरतो, फोटोला तेवढं बास.

सागर विहार आणि मिनी सी-शोअर ही वाशीतली दोन्ही ठिकाणं संध्याकाळचीच, कारण नवी मुंबई खाडीच्या पूर्व काठावर आहे आणि सूर्य समोर पाण्यापलीकडे मावळतो. आणखी एक गोष्ट कुठल्याच सुंदर फोटोत दिसत नाही : डास. खारफुटीच्या कडेला सूर्य कलला की ते ढगासारखे येतात. ओडोमॉस मेकअपच्या आधी लावा, नंतर नव्हे.

फ्लेमिंगो मागे हवेत, पण लेन्स मोबाईलचीच

नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतात. ते काठावर केव्हा येतात हेसुद्धा भरतीच ठरवते. ओहोटीला ते खाडीच्या उघड्या चिखलात चरत असतात, आणि चिखल पाण्याखाली गेला की आतल्या तळ्यांकडे सरकतात. सगळ्यात जास्त चिखल उधाणाला झाकला जातो, पण उधाण येतं ऐन दुपारी, डोक्यावर ऊन असताना. माझा मधला मार्ग द्वादशी-त्रयोदशीच्या सकाळचा. भरती नऊ-पावणेदहाला असते आणि साडेआठचं ऊन फेब्रुवारीत तरी चेहऱ्याला सोसतं.

पक्षी तुमच्यापासून लांबच असतात आणि लांबच राहायला हवेत. मोबाईलने किंवा 35 मिमीच्या लेन्सने काढलेल्या फोटोत ते पांढरे ठिपके दिसतात, मग जोडपं म्हणतं, "दादा, जरा जवळ जाऊ या ना." जवळ जायचं नाही. फोटोग्राफरने मागे यायचं आणि 200 मिमी किंवा त्याहून लांब लेन्स लावायची. मग पक्ष्यांची रांग जोडप्याच्या खांद्याला आल्यासारखी दिसते. फोटोग्राफरकडे अशी लेन्स आहे का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. रंगीत धुराचे बॉम्ब तर इथे आणूच नका. अख्खा थवा उठला की फोटोत उरतो तो धूर.

ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, तीसुद्धा भरती बघूनच. ती फेरी पक्षी बघण्यासाठी आहे. तिच्यावर तीन पोशाख आणि रिफ्लेक्टर (चेहऱ्यावर उजेड परतवणारा चमकता पडदा) घेऊन चढणाऱ्यांकडे बाकीचे प्रवासी कसे बघतात हे मी अनुभवलंय.

सूर्यास्ताची वेळ ॲपवर बघणं

ॲप सांगतं सहा वाजता सूर्यास्त. ठाण्याच्या उपवन तलावावर सहाला सूर्य नसतो. येऊरचा डोंगर तलावाच्या पश्चिमेला उभा आहे, त्याच्याआड सूर्य अर्धा तास तरी आधी जातो. नोव्हेंबर अखेरीला, जेव्हा सूर्यास्तच सहाच्या आसपास असतो, तेव्हा पाचला पोचलेल्या माणसाच्या हातात जेमतेम पंधरा-वीस मिनिटं उरतात. त्यातली दहा साडीच्या निऱ्यांत जातात.

उपवन सकाळचं ठिकाण आहे. उगवतीचं ऊन थेट डोंगरावर पडतं, पाणी शांत असतं, फिरायला येणारे आजोबा-आजी सोडले तर कोणी नसतं. खारघरलाही तोच प्रकार. डोंगर गावाच्या पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळ लवकर संपते. त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, बेलापूरच्या पारसिक हिलवर, उलट : सकाळी ऊन उशिरा येतं, पण खाडीच्या बाजूला तोंड केलं तर संध्याकाळ शेवटच्या किरणापर्यंत मिळते. एकच डोंगर, अलीकडे सकाळ आणि पलीकडे संध्याकाळ.

ठिकाण आधी एकदा पाहून या असं सगळेच सांगतात. लोक येतातही, पण रविवारी दुपारी जेवून. ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी या, शक्यतो त्याच वारी. ठाण्याची तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, मंगळवारी सकाळी सातला वेगळी असते आणि रविवारी संध्याकाळी वेगळी. रविवारी मासुंद्याच्या काठावर तुमच्या प्रत्येक फोटोत कोणाचं तरी भेळेचं कागदी पुडकं येणार.

पावसाळा आणि पांडवकडा

"दादा, धबधबा हवा." जूनपासून हा फोन सुरू होतो. खारघरचा पांडवकडा सुमारे 107 मीटर उंच आहे आणि दिसतो देखणाच. पण तिथे माणसं वाहून गेली आहेत, म्हणून पावसाळ्यात प्रवेशबंदीचे आदेश निघतात आणि पोलीस उभे असतात. आडवाटेने नेतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याबरोबर जाऊ नका. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं, आणि भिजलेली नऊवारी नेसून कोणी पळू शकत नाही.

पावसाळ्यात हिरवा डोंगर लांबून मागे घ्या, रस्त्याच्या कडेच्या सुरक्षित जागेवरून. तेवढ्यासाठी खारघर उत्तम आहे. मात्र कपडे हिरवे नकोत, माणसं गायब होतात. हाच डोंगर एप्रिलमध्ये पूर्ण तपकिरी असतो. जुलैचा फोटो पाहून एप्रिलची तारीख धरणारे दरवर्षी भेटतात.

दमट हवेत आणखी एक गंमत होते. एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. पुसून जात नाही, पुन्हा धरते. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडा. मेकअप आर्टिस्ट कुरकुर करेल, करू द्या.

"कोण विचारतंय?"

विचारतात. मोबाईलवर फोटो काढणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही. ट्रायपॉड उघडला, रिफ्लेक्टर चमकला, की वॉचमन शिट्टी वाजवत येतो. पालिकेच्या उद्यानांसाठी उद्यान विभागाकडे, खारघरच्या सेंट्रल पार्कसाठी सिडकोकडे, येऊरच्या जंगलासाठी वन विभागाकडे आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. "साहेबांशी बोललोय" हे वॉचमनला पटत नाही, पटूही नये. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे बिबट्यांचा वावर आहे. अंधार पडायच्या आत खाली उतरा. वरचे बंगले खासगी आहेत, त्यांची सुंदर फाटकं म्हणजे सार्वजनिक बॅकग्राउंड नव्हे.

पाम बीच रोडवर गाडी बाजूला लावून दुभाजकावर उभं राहणं, अटल सेतूवर थांबणं, रुळांवर हातात हात घालून चालणं : यांवर मी चर्चा करत नाही, नाही म्हणतो. रुळांत शिरणं रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ड्रोनचं तर इथे अवघडच आहे. येऊरच्या डोंगरावर हवाई दलाचं ठाणं, वाशीसमोर खाडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र, उलव्याजवळ आता विमानतळ सुरू झालेला. त्यात पोलीस आयुक्तालयांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरच्या नकाशात तुमची जागा कुठल्या रंगात येते ते बघितल्याशिवाय ड्रोनवाल्याला पैसे देऊ नका. "250 ग्रॅमच्या आतला आहे, चालतो" हे अर्धं खरं. इतक्या छोट्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण नकाशातल्या लाल, म्हणजे बंदीच्या क्षेत्रात तोही परवानगीशिवाय उडवता येत नाही.

फोटो झाले म्हणजे लग्न झालं, असं समजणं

हल्ली बरीच जोडपी हॉल, पंगत, बँड यातलं काही न करता दहा-बारा माणसांत लग्न करतात. पूर्वी याला पळून जाणं म्हणायचे. आता आईवडीलच सोबत पळतात. बेत छान आहे, पण खाडीकाठी हार घालून काढलेला फोटो म्हणजे विवाह नव्हे. विशेष विवाह कायदा 1954 खाली करायचं असेल तर नोटीस द्यावी लागते, 30 दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागावं लागतं. नाहीतर पुन्हा नोटीस.

सगळ्यात जास्त घोटाळा नोटीस कुठे द्यायची यात होतो. ज्या जिल्ह्यात दोघांपैकी एकजण किमान 30 दिवस राहतोय, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे ती द्यायची असते. नवी मुंबई म्हणजे एक जिल्हा असं लोक धरून चालतात. बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे आणि हार्बर लाइनवरचं पुढचं स्टेशन खारघर रायगड जिल्ह्यात. एका जोडप्याने चुकीच्या कार्यालयात खेटे घालण्यात दोन आठवडे घालवले, तोवर त्यांनी धरलेली अष्टमी निघून गेली.

कायद्याच्या कलम 12 प्रमाणे विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागी लग्न लावण्याची सोय आहे, जादा शुल्क भरून. तरीही माझा सल्ला असतो की सह्या सकाळी कार्यालयात उरका आणि फोटो संध्याकाळी काढा. अधिकाऱ्याची वेळ आणि भरतीची वेळ जुळवायला जाल तर दोन्ही चुकतील. नोटीस डिसेंबरच्या सुरुवातीला दिलीत तर जानेवारी-फेब्रुवारी हाताशी येतात : हवा बरी, रोहित आलेले, आणि निवडायला चारेक अष्टम्या.

कायद्याला तीन साक्षीदार लागतात. गेल्या हिवाळ्यात एका जोडप्याचे साक्षीदार होते मुलाचा मित्र, मुलीचा भाऊ आणि मावशी. सकाळी तिघांनी सह्या केल्या, दुपारी मिसळ खाल्ली आणि साडेपाचला सगळे वाशीच्या काठावर. नवमी होती, पाणी चढत होतं. माझा मदतनीस आला नव्हता, म्हणून मावशीने रिफ्लेक्टर धरला, आणि सूर्य जाईपर्यंत मला सांगत राहिली की मुलीच्या डाव्या गालावर उजेड कमी पडतोय. पडतच होता.