सुपरहिरो कॅरेक्टर बनवताना या चुका टाळा (आणि आधीच करून बसला असाल तर काय करायचं)

माझ्या पहिल्या सुपरहिरोची बॅकस्टोरी जवळजवळ तीन हजार शब्दांची होती. त्यात एक बुडालेलं साम्राज्य होतं, एक भविष्यवाणी होती, खरा व्हिलन निघणारा जुळा भाऊ होता, हिरोची स्मृती दोनदा जात होती आणि हे सगळं लिहिण्यात माझा आख्खा वीकेंड गेला होता. ऑनलाइन सुपरहिरो गेममध्ये शिरलो, जिथे सगळे आरपीवाले (रोलप्लेवाले, म्हणजे आपल्या कॅरेक्टरच्या भूमिकेत शिरून एकमेकांशी बोलणारे) जमतात तिथे ऐटीत उभा राहिलो, आणि तासभर कुणी फिरकलंच नाही. शेवटी एकजण आला, प्रोफाइल उघडून बघितलं असावं बहुतेक, "भारी लिहिलंयस" म्हणाला आणि उडून गेला. म्हणजे खरंच उडून गेला, त्याची पॉवर तीच होती.

राग आला होता तेव्हा, पण त्या बिचाऱ्याची काय चूक? भावाशी हिशोब झालेला, भविष्यवाणी खरी ठरलेली, साम्राज्य तर पहिल्याच परिच्छेदात बुडालेलं. तो विचारणार तरी काय होता? तेव्हापासून कुणाचंही कॅरेक्टर बघताना मी एकच बघतो, की यात दुसऱ्या प्लेयरला धरायला एखादं टोक आहे का. खालच्या चुका सगळ्या त्याच नजरेने लिहिल्यात, आणि यातली जवळपास प्रत्येक मी स्वतः केलेली आहे.

सगळं आधीच सांगून टाकणं

सगळ्यात कॉमन चूक ही. आपल्याला वाटतं ओरिजिन (हिरो कसा घडला ती गोष्ट) जितकी सविस्तर तितकं कॅरेक्टर खोल. आता कॉमिक्सवाले काय करायचे बघा. सुपरमॅन १९३८ साली आला तेव्हा त्याची ओरिजिन एका पानात उरकली होती, ग्रह फुटला, बाळ आलं, मोठं झालं, चला कामाला. बॅटमॅन १९३९ च्या मे महिन्याच्या अंकात आला आणि त्याच्या आईवडिलांचं काय झालं हे वाचकांना कळलं नोव्हेंबरच्या अंकात, तेही दोन पानांत. तोपर्यंत तो नुसताच मारामाऱ्या करत होता आणि लोक वाचतही होते. वुल्व्हरिनची तर कमाल, १९७४ मध्ये आला आणि त्याच्या लहानपणाची गोष्ट नीट सांगितली गेली २००१ मध्ये. पंचवीसेक वर्षं "हा नक्की आहे कोण" या एका प्रश्नावर गडी चालला.

तर प्रोफाइलमध्ये लिहायचं फक्त तेवढंच जे समोरच्याला दिसेल किंवा त्याच्या कानावर आलेलं असेल. दिसतो कसा, बातम्यांमध्ये त्याच्याबद्दल काय येतं, आणि एखादी अफवा, जी चुकीची असली तरी चालेल, उलट चुकीची असली तर जास्त मजा येते कारण कुणीतरी येऊन तेच विचारतं आणि तुमचा हिरो वैतागतो, झाला सीन सुरू. बाकीचं तुमच्या स्वतःच्या नोट्समध्ये ठेवा. सहा-सात ओळींच्या वर गेलात की लोक स्क्रोल करत नाहीत, मी पण करत नाही.

आणि हो, देवनागरीत बायो लिहिणाऱ्यांसाठी एक तांत्रिक भानगड. मजकूर मध्येच कापला जातोय, आणि इंग्रजीत तेवढीच लांबी बसतेय, तर घोळ बहुतेक मोजणीचा असतो. काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं, आणि गेम जर बाइटमध्ये मोजत असेल तर यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, रोमन अक्षर एकच. म्हणजे हजाराची मर्यादा प्रत्यक्षात तीनशे-सव्वातीनशे चिन्हांची होते. आधी बाहेर टाइप करून ठेवा, मगच पेस्ट करा, नाहीतर शेवटचं वाक्य अर्धवट तुटतं आणि नेमकं त्यातच तुमचं रहस्य असतं.

गोष्ट एक सांगते आणि पॉवर दुसरंच करतात

माझा दुसरा हिरो. बायोमध्ये लिहिलं होतं, सडपातळ, चपळ, कुणाच्या हाती लागत नाही. आणि बिल्ड (म्हणजे पॉवरची निवड) कसलं केलं होतं तर टँकचं, म्हणजे पुढे उभं राहून सगळ्यांचा मार झेलणाऱ्याचं! म्हणजे प्रत्येक फाइटमध्ये हा हाती न लागणारा माणूस मधोमध उभा राहून सगळ्यांचा मार खातोय आणि मागून टीममेट मला हीलवर हील देतायत (जखमा भरतायत). एकाने विचारलं सुद्धा की भाऊ, पळत का नाहीस.

इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. पॉवर आली कुठून हा एक प्रश्न, आणि ती करते काय हा वेगळा. सिटी ऑफ हिरोज या २००४ साली आलेल्या गेममध्ये हे छान सुटं केलेलं होतं. ओरिजिन पाचच, विज्ञान, जादू, तंत्रज्ञान, म्युटेशन आणि नॅचरल म्हणजे नुसती मेहनत न् कौशल्य, आणि तुम्ही लढणार कसे ते ठरवणारा आर्किटाइप वेगळा निवडायचा. आग फेकणारा ब्लास्टर जादूगार पण असू शकतो आणि लॅबमधला अपघातवाला पण. (तो गेम २०१२ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाला, मग चाहत्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर जिवंत ठेवला, आणि २०२४ च्या जानेवारीत त्यातल्या होमकमिंग नावाच्या सर्व्हरला रीतसर लायसन्स मिळालं. लोकांचा त्यांच्या कॅरेक्टरवर केवढा जीव असतो ते यावरून समजा.)

उपाय सोपा आहे, आधी खेळा मग लिहा. दहाएक लेव्हल नुसत्या नावावर खेळून काढा. फाइटमध्ये तुम्ही आपोआप काय करता, पुढे घुसता की मागे थांबून दुसऱ्यांना सांभाळता, ते बघा आणि तोच स्वभाव गोष्टीत आणा. कॅरेक्टर आधीच बनलंय आणि रिस्पेक (पॉवर नव्याने निवडणं) करायचा नाहीये तर मग त्या विसंगतीलाच गोष्ट करा. माझ्या त्या सडपातळ टँकचं मी नंतर असं केलं की त्याला लागतच नाही, पण त्याला ते अजून खरं वाटत नाही, प्रत्येक फटक्याला तो डोळे मिटून घेतो. त्या एका सवयीवर लोक माझ्याशी जेवढं बोलले तेवढं आधी सहा महिन्यांत बोलले नव्हते.

खोटी कमजोरी

"माझ्या हिरोची कमजोरी म्हणजे तो मित्रांची जरा जास्तच काळजी घेतो." अरे ही काय नोकरीची मुलाखत आहे का!

दुसरा प्रकार म्हणजे सात आकाशगंगा ओलांडून मिळणाऱ्या एका दगडाची अ‍ॅलर्जी, जो दगड गेममध्ये कुणाकडेच नाही. अशी कमजोरी असली काय आणि नसली काय. आता कुणी म्हणेल क्रिप्टोनाइट पण दगडच की. बरोबर, पण तो सुपरमॅनबरोबर आलेला नाही, पहिल्यांदा वापरला गेला १९४३ मध्ये रेडिओच्या मालिकेत आणि कॉमिक्समध्ये आला १९४९ ला. सुरुवातीचा सुपरमॅन मुळात उडायचाही नाही, उड्या मारायचा, एक अष्टमांश मैल लांब. पॉवर वाढत गेल्या आणि मग त्याला अडवायला काहीतरी आणावं लागलं. म्हणजे बघा, पहिल्याच दिवशी अजिंक्य हिरो बनवलात तर ती अडचण तुम्ही स्वतःवर लगेच ओढवून घेताय.

टेबलवर खेळायच्या आरपीजींनी (रोलप्लेइंग गेम्सनी) यावर फार आधी डोकं लावलंय. १९८१ च्या चॅम्पियन्समध्ये तुम्ही हिरोला तोटे लावून घेतले की त्या बदल्यात पॉइंट मिळायचे, शत्रू आहे, गुपित आहे, सांभाळायला माणूस आहे, सगळ्याला पॉइंट. लोकांनी अर्थातच त्यातही चलाखी केली, कधीच आड न येणारे तोटे घेऊन पॉइंट खिशात टाकले. नंतर म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्सने हे उलटं फिरवलं, तोटा कागदावर असून उपयोग नाही, तो खेळताना खरोखर आडवा आला की मगच हिरो पॉइंट. मला हे दुसरं पटतं. ऑनलाइन आरपीत पॉइंट कुणी देत नाही, पण कसोटी तीच लावा: दुसऱ्या प्लेयरला ही कमजोरी एका साध्या सीनमध्ये वापरता येते का?

उदाहरण म्हणून माझी आत्ताची हिरॉइन घ्या. नाव कंपना, पॉवर म्हणजे हात लावलेल्या कुठल्याही वस्तूतली कंपनं तिला जाणवतात आणि वाढवताही येतात. कमजोरी अशी की गर्दीत, गोंगाटात तिला कोण कुठून बोलतंय तेच कळेनासं होतं. आता आरपीच्या जागा नेहमी गर्दीच्याच असतात, त्यामुळे ही कमजोरी रोज वापरात. कुणी तिला बाजूला शांत जागी घेऊन जातो, कुणी मुद्दाम जोरात टाळ्या वाजवतो, आणि दोन्हींतून पुढे काहीतरी घडतं.

घरचे सगळे मेलेले

आई गेली, बाबा गेले, गुरू गेले, गाव जळालं, कुत्रासुद्धा गेला. समजतं मला, दुःख हवं असतं. पण मेलेला माणूस फोन करत नाही, उसने पैसे मागत नाही, चुकून तुमचं गुपित कुणाला सांगत नाही. जिवंत माणसं ठेवा हो! कंपना पूर्वी पूल तपासायची. एका पुलाच्या रिपोर्टवर तिने साहेबाच्या दबावाखाली सही केली, पूल खचला, आणि तो साहेब आजही त्याच शहरात मोठ्या पदावर आहे. एका ओळीत बसतं हे सगळं, आणि त्यात साहेब, त्याचा वकील, जखमी झालेला कुणी, चौकशी करणारा पत्रकार, इतके रोल दुसऱ्यांसाठी मोकळे आहेत. अनाथ करायचंच असेल तर करा, पण मग ज्याने वाढवलं तो तरी शिल्लक ठेवा.

याच्याच शेजारची चूक म्हणजे "मी एकटाच काम करतो" वाला हिरो. मल्टिप्लेयर गेममध्ये! ठीक आहे, राहा मग एकटा.

रंग बदलून आणलेला ओळखीचा हिरो

हिरवा राक्षस जांभळा केला, नखं तीनची चार केली, नावातलं एक अक्षर बदललं. हे नुसतं आळशी काम नाही तर कटकटीचंही आहे. मार्व्हलने २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सिटी ऑफ हिरोजच्या कंपन्यांवर दावा लावला होता, मुद्दा हाच की कॅरेक्टर क्रिएटरमधून प्लेयर आमचे हिरो बनवतायत. २००५ च्या डिसेंबरात तडजोड झाली. पण कॉपी केलेली कॅरेक्टर तिथे उडवली जायचीच, म्हणजे एक दिवस लॉगिन करावं तर तुमचं नाव जाऊन तिथे "जेनेरिक हिरो" आणि पुढे एक नंबर. बहुतेक गेमच्या नियमांत हे कलम असतंच.

एखादा हिरो आवडतोच इतका, तर त्याचा पोशाख घेऊ नका, त्याची अडचण घ्या. राग आला की ताबा जातो ही अडचण कुणाच्या मालकीची नाही. ती एखाद्या शाळेतल्या बाईंना द्या, अनुवादकाला द्या, अंगाचा रंग बदलायची गरजच नाही, चुकीच्या क्षणी तो माणूस खरं बोलून जातो एवढंही पुरतं.

नावाचंही तसंच. शॅडो, डार्क, नाइट, ब्लेड यातले कुठलेही दोन जोडलेत तर ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं असणार आणि मग तुम्ही शेपटीला ९९ लावणार. पॉवरचं नाव देण्याऐवजी लोकांनी चिडवायला ठेवलेलं नाव वाटेल असं द्या, ते सहसा मोकळं सापडतं.

समोरच्याचा खेळ आपणच खेळणं

"तो ठोसा मारतो आणि तू भिंतीवर आदळून बेशुद्ध पडतोस." याला गॉडमोडिंग म्हणतात आणि याने लोक ब्लॉक करतात. ठोसा मारतो इथे थांबा, पडायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. आणि समोरच्याच्या प्रोफाइलमध्ये वाचलेलं गुपित तुमच्या हिरोला माहीत नसतं, तुमचा हिरो मनकवडा असला तरी ते वापरण्याआधी विचारून घ्या.

आता झालंच आहे तर

जुनं कॅरेक्टर लगेच डिलीट करू नका. आधी बघा बिघडलंय काय. लोक बोलायलाच येत नसतील तर बायो छाटा. येतात, पण दोन वाक्यांत गप्पा संपतात, तर कमजोरी किंवा जिवंत माणसं कमी आहेत. तुम्हालाच कंटाळा आलाय तर बहुधा त्याची गोष्ट तुम्ही आधीच संपवून बसलायत, आणि याला सगळ्यात सोपी पळवाट अशी की आत्तापर्यंत लिहिलेलं सगळं म्हणजे त्या हिरोला माहीत असलेली हकीकत, खरी असेलच असं नाही. फक्त ज्यांच्याबरोबर नियमित खेळता त्यांना आउट ऑफ कॅरेक्टर (हिरो म्हणून नाही, स्वतः म्हणून) मेसेज करून आधी सांगा, नाहीतर त्यांच्या हिरोच्या आठवणी तुमच्यामुळे खोट्या पडतात आणि ते रागावतात, रास्तच आहे ते.

मी त्या पहिल्या तीन हजार शब्दवाल्याचं हेच केलं. साम्राज्य काढलं, भविष्यवाणी काढली, स्मृती एकदाच घालवली. सहा ओळी उरल्या, त्यातली शेवटची होती, "जुळा भाऊ आहे म्हणतात, कुठे आहे कुणास ठाऊक." तिसऱ्या दिवशी एका अनोळखी प्लेयरचा मेसेज आला, तो भाऊ मी खेळू का? आता तो खेळतो. मी लिहिलेल्या भावापेक्षा खूपच चांगला आहे तो, आणि व्हिलन अजून तरी झालेला नाही.